विद्यापीठास वाचनाची गोडी लावणारा ग्रंथपाल : डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा तो पुरुष आपल्याच ज्ञातीतील असतो, आणि ते योग्यच आहे. कारण आपल्या पूर्वजांचे ऋण आपण नाही आठवावयाचे तर कोणी आठवावयाचे? यंदा मात्र आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत, तो आपल्या ज्ञातीतला नाही, आपल्या प्रांतातला नाही आणि त्याची मातृभाषाही मराठी नव्हती. तरीही हे चरित्र निवडण्यास एक सबळ कारण आहे. आपल्या प्रत्येक मेळाव्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. आपली मुले-मुली आता महाविद्यालयांत व विद्यापीठांत मोठ्या संख्येने जाऊ लागली, परंतु ती वाचीत नाहीत. मार्गदर्शिका व टिपणे यांवर परीक्षा उरकतात. आणि त्यांचे अध्यापकही वर्षानुवर्षे जुन्याच वह्यांवरून शिकवितात, अशी ती तक्रार आहे. ही तक्रार नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यातही ती होती. तेथील एका गणिताच्या अध्यापकाने ती ऐकून केवळ खेद व्यक्त केला नाही, तर विद्यार्थी का वाचीत नाहीत याचा एखाद्या गणिती प्रश्नाप्रमाणे छडा लावला. डॉ. रंगनाथन ते हेच.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. हे गाव आज सीरकाळी या नावाने ओळखले जाते. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. बोलताना ते अडखळत असत, आणि पुढे अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या मुलास हे व्यंग किती जाचक झाले असेल याची कल्पना आम्हां शिक्षकांस सहज येते. परंतु ते डगमगले नाहीत. गावातील हिंदू हायस्कुलातून मॅट्रिक होऊन ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. तेथे एडवर्ड रॉस नामक गणिताच्या प्राध्यापकांचा त्यांच्यावर विलक्षण प्रभाव पडला. १९१६ मध्ये गणितात एम. ए. होऊन, नंतर सैदापेठच्या अध्यापक महाविद्यालयाची पदवी घेऊन, १९१७ पासून त्यांनी प्रथम मंगळूर, मग कोइंबतूर आणि १९२१ पासून मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशा सरकारी महाविद्यालयांत अध्यापन केले. शिकविण्याची त्यांस मनस्वी आवड होती. विद्यार्थ्यांस विचारात गुंतवावे, त्यांच्याशी चर्चा करावी, हीच त्यांची पद्धती. हा पुरुष पुढे वर्ग सोडून ग्रंथालयात जाईल असे भाकीत त्या वेळी कोणी केले नसते.

आता त्या काळच्या विद्यापीठांची स्थिती थोडी ध्यानी घेतली पाहिजे. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली, ती मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून. अध्यापन महाविद्यालयांत व्हावयाचे, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढावयाच्या व पदव्या द्यावयाच्या. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः अध्यापन व संशोधन करण्याचा अधिकार मिळाला. तथापि जुनी वृत्ती एकाएकी बदलत नाही. जेथे परीक्षा हेच सर्वस्व, तेथे नेमलेल्या पुस्तकापलीकडे वाचावे कशास? मद्रास विद्यापीठाचे ग्रंथालय होते, परंतु तेथे वाचकांची वर्दळ नव्हती. ग्रंथ घ्यावयाचे ते जपून ठेवण्यासाठी, आणि ग्रंथपाल नेमावयाचा तो पहारेकरी म्हणून, ही समजूत सर्वत्र रूढ होती. अपवाद अर्थातच होते. आपल्या मराठी राजाने, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, १९१० मध्येच बॉर्डन नामक अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला होता. परंतु विद्यापीठांच्या भिंतींच्या आत हे वारे अद्याप पोहोचले नव्हते.

१९२३ मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा निर्माण केली. अर्ज पुष्कळ आले, पण या विद्येचे शिक्षण घेतलेला उमेदवार त्यांत नव्हता. रंगनाथन यांसही या कामाची माहिती नव्हती. मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील ग्रंथालयविषयक लेख वाचून ते गेले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. त्यांची निवड झाली व जानेवारी १९२४ मध्ये ते कामावर रुजू झाले. आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांचा जीव गुदमरू लागला. ज्याने वर्षानुवर्षे तरुण विद्यार्थ्यांच्या घोळक्यात दिवस काढले, त्यास त्या निर्मनुष्य दालनात दिवसभर बसून राहणे असह्य झाले. त्यांनी वरिष्ठांकडे जाऊन आपणांस पुन्हा महाविद्यालयात घ्यावे अशी विनंती केली. तेव्हा असे ठरले की, त्यांनी एकदा इंग्लंडला जाऊन तेथील ग्रंथालये पाहून यावे. त्यानंतरही मन रमले नाही तर जुनी जागा त्यांच्यासाठी मोकळी राहील. या एका तडजोडीने हिंदुस्थानच्या ग्रंथालयांचा इतिहास पालटला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इंग्लंडमध्ये रंगनाथन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालयशास्त्राच्या शाळेत नाव घातले. तेथे सेयर्स नावाचे गुरू त्यांस लाभले. ते क्रॉयडन या लंडनलगतच्या नगराच्या ग्रंथालयाचे मुख्य होते. त्यांच्या सल्ल्याने रंगनाथन यांनी शंभरांहून अधिक ग्रंथालये डोळसपणे पाहिली. जे दृश्य त्यांनी पाहिले त्याने त्यांची दृष्टी बदलली. कामगार दिवसाचे काम आटोपून वाचावयास येत होते. मुलांसाठी वेगळे दालन होते. गृहिणी पुस्तके बदलून नेत होत्या. आणि ग्रंथपाल पहारा करण्याऐवजी येणाऱ्यास मदत करीत होते. इंग्रज मनुष्य जन्मतःच वाचनवेडा असतो व हिंदी मनुष्य नसतो, हे स्पष्टीकरण गणिती बुद्धीस पटण्यासारखे नव्हते. त्या देशातही ग्रंथांस एके काळी साखळदंड घालून ठेवीत. हेरफर्ड येथील ख्रिस्ती मठमंदिरात तसे साखळीबंद ग्रंथ आजही पाहावयास मिळतात. साखळी काढली, कपाट उघडले, दार सायंकाळपर्यंत उघडे ठेवले, आणि मग वाचक आले. हा क्रम रंगनाथन यांच्या मनात पक्का ठसला. जुलै १९२५ मध्ये ते मद्रासला परतले, आणि जुन्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही.

परतल्यावर त्यांनी काय केले ते सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण या चरित्राचे सार त्यातच आहे. त्यांनी विद्यार्थ्यांस वाचनाचा उपदेश करणारी व्याख्याने झोडली नाहीत. त्यांनी प्रथम कपाटांची कुलुपे काढविली. वाचकाने चिठ्ठी लिहून द्यावी, शिपायाने आत जाऊन पुस्तक शोधावे, व अर्ध्या तासाने ते मिळत नसल्याचे सांगावे, ही रीत बंद करून वाचकास थेट ग्रंथांच्या मांडणीपर्यंत जाण्याची मुभा दिली. सुट्टीच्या दिवशीही ग्रंथालय उघडे राहू लागले. कारण महाविद्यालयातील मनुष्यास वाचावयास सवड मिळते ती सुट्टीच्याच दिवशी. ग्रंथ विषयवार लावले गेले, म्हणजे एक पुस्तक घेण्यास आलेल्यास त्याच्या शेजारची चार पुस्तके आपोआप दिसावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवख्या वाचकाजवळ जाऊन त्याची गरज समजून घेणारा जाणता सेवक त्यांनी नेमला. हळूहळू ओसाड दालने भरू लागली. पुढे १९३६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील चेपॉक भागात विद्यापीठ ग्रंथालयाची स्वतंत्र वास्तू उभी राहिली.

या अनुभवाचे मंथन करीत असताना त्यांचे गणिती मन स्वस्थ नव्हते. इतक्या निरनिराळ्या सुधारणांच्या मुळाशी काही मोजकी तत्त्वे असली पाहिजेत, असे त्यांस वाटे. १९२८ मध्ये आपले जुने गुरू प्रा. रॉस यांच्याशी बोलताना पहिले तत्त्व त्यांच्या हाती लागले आणि उरलेली चार त्यामागून आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिदंबरमजवळील अन्नामलाईनगर येथे त्यांनी ती प्रथम मांडली, व १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज जगात जेथे जेथे हे शास्त्र शिकवितात, तेथे तेथे हे पाच नियम शिकवितात.

त्या नियमांचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. ग्रंथ हा वापरण्याची वस्तू आहे, जतन करून पुजण्याची नव्हे, हे पहिले तत्त्व. दुसरे तत्त्व वाचकाच्या बाजूचे आहे. श्रीमंत असो वा गरीब, विद्यार्थी असो वा प्राध्यापक, प्रत्येकास त्याच्या गरजेचा ग्रंथ मिळाला पाहिजे. तिसरे तत्त्व ग्रंथाच्या बाजूचे. मांडणीत धूळ खात पडलेल्या प्रत्येक ग्रंथालाही कोठे तरी वाचक असतो, व त्या दोघांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे काम होय. चौथे तत्त्व वेळेचे. वाचकाचा वेळ फुकट दवडू नये. आणि पाचवे असे की, ग्रंथालय हे सजीव असून ते वाढतच राहणार, तेव्हा त्याची व्यवस्था त्या वाढीस पुरेल अशी असावी.

वाचताना ही तत्त्वे इतकी साधी वाटतात की त्यांत विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांची परीक्षा करून पाहावी. पहिलेच तत्त्व मानले तर किती गोष्टी बदलाव्या लागतात ते पाहा. ग्रंथालय गावाबाहेर शांत जागी बांधता येत नाही. दुकानदार जसे गिऱ्हाइकाच्या वाटेवर दुकान मांडतो, तसे ते विद्यार्थ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर हवे. अध्यापनाच्या तासांतच ते उघडून तास संपताच बंद करता येत नाही. मांडणी छतापर्यंत उंच करून शिडीवाचून पुस्तक निघणार नाही अशी ठेवता येत नाही. बसावयाचे बाक अवघडलेले व दिवे मिणमिणते चालत नाहीत. आणि ग्रंथपाल म्हणून कोठेही न खपणारा मनुष्य नेमता येत नाही. यांतील एकेक गोष्ट किरकोळ दिसते. परंतु वाचनाची सवय या किरकोळ गोष्टींवरच तगते किंवा मरते, हे रंगनाथन यांनी ओळखले.

तिसऱ्या तत्त्वाचे एक बोलके उदाहरण मद्रास इलाख्यातच घडलेले आहे. कुंभकोणमचा एक शाळकरी मुलगा सोळा वर्षांचा असता, १९०३ च्या सुमारास, एका मित्राकरवी त्याच्या हाती ग्रंथालयातील एक पुस्तक आले. कार नामक इंग्रज शिक्षकाने परीक्षार्थी विद्यार्थ्यांसाठी संकलित केलेला तो सुमारे पाच हजार गणिती सिद्धांतांचा संग्रह होता. पुस्तक रूक्ष, सिद्धता जवळजवळ नाहीतच. परंतु त्या मुलाने एकेक सिद्धांत आपल्या बुद्धीने पडताळून पाहिला, आणि त्यातून जगास श्रीनिवास रामानुजन मिळाला. ते पुस्तक कुलुपात राहिले असते तर काय झाले असते, याचा विचार करून मन थरारते. रंगनाथन यांनी १९६७ मध्ये याच रामानुजनचे चरित्र लिहिले, हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

विद्यार्थ्यांइतकेच अध्यापकांकडेही त्यांचे लक्ष होते. अध्यापक वाचीत नाही तोवर विद्यार्थी वाचणार नाही, हे उघड आहे. परंतु अध्यापक का वाचीत नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याच्या विषयात नवे काय प्रसिद्ध झाले हे त्यास कळतच नसेल, तर तो जुन्या वहीकडेच वळणार. म्हणून प्रत्येक संशोधकाचा व अध्यापकाचा विषय कोणता हे ग्रंथपालाने जाणून घ्यावे, नवा लेख वा ग्रंथ येताच तो त्याच्या नजरेस आणावा, अशी सेवा रंगनाथन यांनी कर्तव्य मानली. १९४० मध्ये त्यांनी संदर्भसेवेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वाचकास पुस्तक देऊन मोकळे व्हावयाचे नाही, त्याच्या प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत त्याच्याबरोबर राहावयाचे, हा त्यांचा आग्रह होता. वर्गातील चांगला शिक्षक हेच करतो. म्हणजे रंगनाथन यांनी शिक्षकी सोडली असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी आपला वर्ग मोठा केला, इतकेच.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्याही संस्थांत पदोपदी निघतो. कपाटे उघडी टाकली तर पुस्तके चोरीस जातील, त्याचे काय? आम्ही आयुष्य प्राथमिक शाळेत घालविले आहे. शाळेच्या कपाटातील पुस्तक हरवले तर त्याची भरपाई आपल्या पगारातून होईल, या धास्तीने पुस्तके मुलांच्या हाती न देणारे कितीतरी भले शिक्षक आम्ही पाहिले आहेत. वर्षअखेरीच्या मोजणीत पुस्तके भरली की सर्वांस समाधान. ती कोणी वाचली का, हे मोजण्याचा रकाना नोंदवहीत नसे. रंगनाथन यांचे म्हणणे असे की, उघड्या मांडणीत काही ग्रंथ गहाळ होणारच, तो त्या व्यवस्थेचा खर्च समजावा. कुलूपबंद ग्रंथालयात एकही ग्रंथ हरवत नाही, पण तेथे सगळेच ग्रंथ वाचकास हरवलेले असतात. पुढे शासनानेही हे मान्य केले. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथ गहाळ झाल्यास, त्यात अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, ती हानी वाजवी समजावी असे म्हटले आहे. आपल्या संस्थांच्या चालकांनी हा नियम अवश्य ध्यानी ठेवावा.

रंगनाथन यांच्या कष्टाळूपणास सीमा नव्हती. मद्रासच्या वीस वर्षांत ते रोज तेरा तेरा तास काम करीत व सुट्टी घेत नसत. विवाहाच्या दिवशीही दुपारी ते ग्रंथालयात कामावर परतले होते, असे सांगतात. १९२८ मध्ये त्यांनी मद्रास ग्रंथालय संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९२९ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग उघडला, जो पुढे विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. त्यांच्या विचारांचा प्रसार खेड्यांतही झाला. १९३१ मध्ये तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरील फिरते ग्रंथालय सुरू झाले. सार्वजनिक ग्रंथालयांचा खर्च कायद्याने निश्चित व्हावा यासाठीही त्यांनी दीर्घ काळ खटपट केली, आणि १९४८ मध्ये मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला. स्वतंत्र भारतातील असा हा पहिला कायदा. त्यापूर्वी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने आपला ग्रंथालय कायदा केला होता, हे महाराष्ट्रास भूषणावह आहे. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ मध्ये झाला. परंतु मद्रासच्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी अधिभार ठेवला होता, तशी तरतूद त्यात झाली नाही.

मद्रास विद्यापीठाची सेवा सोडल्यावर १९४५ मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथे दोन वर्षांत सुमारे एक लक्ष ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशी उलटून गेलेले होते. १९४७ मध्ये सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांस दिल्ली विद्यापीठात बोलाविले, आणि तेथे या शास्त्राचे पदव्युत्तर व संशोधनाचे शिक्षण त्यांनी उभे केले. १९५७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांविषयी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला. ग्रंथखरेदीसाठी दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये व दर अध्यापकामागे २०० रुपये असावेत, आणि ग्रंथपालास अध्यापकाच्या बरोबरीचे वेतन व दर्जा मिळावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. आज हे आकडे लहान वाटतील. परंतु त्यामागील हिशेब पाहावा. विद्यार्थ्याइतकाच अध्यापकही वाचक आहे, किंबहुना त्याची भूक अधिक मोठी आहे व ती भागविणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, हे त्या हिशेबात गृहीत धरले होते.

चरित्रलेखकाने केवळ स्तुतिस्तोत्र गाऊ नये, असे आम्ही मानतो. रंगनाथन यांचे सर्वांत गहन बौद्धिक कार्य म्हणजे १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. लंडनच्या एका मोठ्या दुकानात मुलांचे खेळणे त्यांनी पाहिले होते. त्यात लोखंडी पट्ट्या व खिळे निरनिराळ्या रीतीने जोडून हवी ती वस्तू बनविता येई. विषयही असेच लहान घटकांतून जोडता येतील, ही कल्पना त्यांस त्यावरून सुचली. जगभरच्या पंडितांनी या पद्धतीचा गौरव केला. परंतु ती शिकण्यास कठीण, आणि आवृत्तीगणिक त्यांनी तीत मोठे फेरफार केले. परिणामी आपल्या देशातील बहुसंख्य ग्रंथालयांनी अमेरिकन ड्युई यांची दशांश पद्धतीच चालू ठेवली. वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगणाऱ्या पुरुषाची पद्धती ग्रंथपालांस वेळखाऊ वाटावी, हा नियतीचा खेळच म्हणावयाचा. तसेच जी शिस्त त्यांनी स्वतःस लाविली ती सर्वांस पेलणारी नव्हती. तथापि या न्यूनांनी त्यांच्या मूळ शिकवणुकीस बाध येत नाही.

त्यांचे उत्तरायुष्य बंगळूर येथे गेले. १९५७ मध्ये त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला, १९६२ मध्ये त्यांनी तेथे प्रलेखनाच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे केंद्र स्थापिले, आणि १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांस राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. या सर्व मानसन्मानांहून आम्हांस त्यांची एक कृती अधिक मोलाची वाटते. १९५६ च्या सुमारास त्यांनी आपल्या आयुष्याच्या मिळकतीतून एक लक्ष रुपये मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले, आणि त्यास आपले नव्हे तर पत्नी शारदाबाईंचे नाव दिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

आता ज्ञातिबांधवांस दोन शब्द. आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही व विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. म्हणून विद्यापीठातील मुलांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या वडीलधाऱ्यांच्या हाती संस्था आहेत त्यांच्याशी आम्ही बोलू शकतो. आजची मुले भ्रमणध्वनीत डोके घालून बसतात, म्हणून वाचीत नाहीत, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण भ्रमणध्वनी रात्री अकरा वाजता उघडा असतो, सुट्टीच्या दिवशी उघडा असतो, त्यास चिठ्ठी लिहून द्यावी लागत नाही आणि तो वाट पाहावयास लावीत नाही. रंगनाथन यांच्या पाच नियमांपैकी निदान तीन तो यंत्राच्या बळावर पाळतो. आमची ग्रंथालये ते पाळतात काय? मुलांच्या दोषांची यादी करण्यापूर्वी आपल्या दाराच्या वेळापत्रकाकडे पाहावे, हा या चरित्राचा आम्हांस उमगलेला बोध होय.

ज्ञातींच्या वसतिगृहांत ग्रंथसंग्रह असतो. दात्यांनी प्रेमाने दिलेली पुस्तके काचेच्या कपाटांत असतात, कपाटांवर दात्यांच्या नावाच्या पाट्या असतात, आणि किल्ली बहुधा अशा गृहस्थांकडे असते जे संध्याकाळी घरी गेलेले असतात. मुले महाविद्यालयातून परत येतात तीही संध्याकाळीच. या साध्या विसंगतीवर उपाय करण्यास मोठा निधी लागत नाही. कपाटे उघडी करावीत. वाचनकक्ष रात्री दहापर्यंत व रविवारी उघडा ठेवावा. वरच्या वर्गातील एखाद्या गरजू विद्यार्थ्यास अल्प मानधन देऊन तेथे बसवावे, व नव्या मुलास काय हवे ते विचारणे हे त्याचे काम असावे. दर वर्षी काही पुस्तके हरवतील, त्यांसाठी अंदाजपत्रकात एक लहानशी रक्कम आधीच धरावी. दात्यांनीही नवी इमारत व नवी पाटी यांऐवजी एखाद्या वर्षी या दिव्याच्या व मानधनाच्या खर्चाचा भार उचलावा. आपल्या ज्ञातीतील जे प्राध्यापक आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ त्या कक्षात स्वतः वाचीत बसावे. व्याख्यान देऊ नये, केवळ वाचावे. मुले पाहतील.

इतके करूनही काही मुले वाचणार नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु कोणत्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक पडून काय घडेल, हे कुंभकोणमच्या त्या मुलाच्या बाबतीत कोणास सांगता आले नसते, आणि आपल्या वसतिगृहातील मुलाच्या बाबतीतही सांगता येणार नाही. म्हणूनच दार सर्वांसाठी उघडे ठेवावयाचे असते. येत्या १२ ऑगस्टच्या आत आपल्या वसतिगृहाच्या कपाटांची कुलुपे निघावीत, एवढीच कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे.